मदत हवी आहे: ऑनलाइन खेळात दोघंच फुटेज खातात

कोपऱ्यातला_फासा
मंडळी, हिलफोक या भूमिका-खेळाच्या (प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि बोलत बोलत गोष्ट रचायची) नियमांवर डिस्कॉर्ड या आवाजी गप्पांच्या ॲपवर खेळ चालू आहे. पाच खेळाडू आणि मी जीएम, म्हणजे खेळ चालवणारा. शनिवारी रात्री साडेआठ ते अकरा. एक जण न्यू जर्सीत आहे, तिथे तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असतात, त्यामुळे वेळ वाढवता येत नाही.

मांडणी सहकारी साखर कारखान्याची: चेअरमन अण्णा, त्यांची लेक, पुतण्या, एमडी (कार्यकारी संचालक) आणि ऊसतोडीचा मुकादम. नियमाप्रमाणे फेरीत प्रत्येक जण एक प्रवेश लावतो, म्हणजे कोण कुठे कुणाशी बोलतं ते ठरवतो; मीही लावतो. म्हणजे वाटणी आपोआप सारखी व्हायला हवी. होत नाही. गेल्या वेळच्या १२ प्रवेशांत पुतण्या ९ मध्ये, अण्णा ८ मध्ये, मुकादम फक्त ३ मध्ये, त्यातले दोन त्याने स्वतः लावलेले. शिवाय पुतण्या खेळात मिळवलेलं टोकन टाकून इतरांच्या प्रवेशात घुसतो. मुकादमवाला मुळात हळू बोलतो. "आता तू बोल" म्हटलं की आणखीच गप्प. काय करू?

विंगेतला_प्रॉम्प्टर
प्रवेश कोण लावतो आणि प्रवेशात कोण असतो, हे दोन वेगळे हिशेब. नियम पहिलाच सांभाळतो.

पाच पात्रं म्हणजे १० जोड्या. गुगल शीटमध्ये १० ओळी करा. प्रवेश झाला की त्या जोडीपुढे लिहायचं: कोणी लावला, मागणारा कोण, देणारा कोण (प्रवेशात एक जण काहीतरी मागतो, दुसरा ते देतो किंवा नाकारतो). दोन शनिवारांत कोऱ्या जोड्या उघड्या पडतात. दोन फेऱ्यांत तुमच्या वाट्याला २ प्रवेश येतात, ते दोन्ही कोऱ्या जोड्यांवर खर्च करा. शीट सगळ्यांना दिसू दे, पण खाली बेरीज टाकू नका. बेरीज दिसली की त्याचं प्रगतिपुस्तक होतं.

सांजबत्ती
शीट ठीक, पण मुकादमाला कोणी बोलावत का नाही? कारण त्याच्याकडून कुणालाच काही नको आहे. पात्रं बनवताना प्रत्येकाने "अमक्याकडून मला काय हवं आणि तो ते का देत नाही" हे लिहिलं होतं ना? ते काढून बघा. पाचातल्या किती जणांनी मुकादमाचं नाव घेतलंय? पैजेवर सांगते, एकानेही नसेल. मुकादम सगळ्यांकडे मागतो, त्याच्याकडे कोणी मागत नाही.

लेक आणि एमडी, दोघांना एकेक ओळ लिहायला सांगा. मागणी भावनेची हवी. मुकादमाच्याच तोंडचं उदाहरण घ्या. "उचल वाढवून द्या" ही मागणी झाली की ते कामकाज होतं, दोन वाक्यांत संपतं. "तुमच्या आजोबांनी माझ्या बापाला पंगतीला बसवलं होतं, तुम्ही मला पायरीवर उभं ठेवता" ही मागणी झाली की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं.

कोपऱ्यातला_फासा
सांजबत्तीताई, पैज जिंकलात. एकानेही नाही. टोकनचं काय करायचं?

विंगेतला_प्रॉम्प्टर
पुतण्याकडे एवढी टोकनं साचतात कशी, ते बघा. मागणी नाकारली की टोकन मागणाऱ्याला मिळतं, पुरवली की देणाऱ्याला. तुमचे अण्णा पुतण्याला दरवेळी हाकलून लावत असणार. तो हरतो आणि श्रीमंत होतो, मग त्याच टोकनांवर दुसऱ्यांच्या घरात शिरतो. नियम बिघडलेला नाही, अण्णांचा खेळाडू "नाही" म्हणण्यातच मजा मानतोय. त्याला एवढंच सांगा की नमतं घेतलं तर टोकन तुझं. हाच उपाय मुकादमालाही लागू: तो देणारा झाला की टोकनंही त्याच्याकडे वळतील.

तोवर एक घरचा नियम करा: घुसायचं ते मागणी स्पष्ट झाल्यावरच, आणि फेरीत एकदाच.

हेडफोनवाला
एक साधी गोष्ट राहतेय. हळू बोलणाऱ्याचा आवाज डिस्कॉर्ड खातोय का? इनपुट सेन्सिटिव्हिटी (किती हळू आवाज माइकने पकडायचा ते ठरवणारी सेटिंग) ऑटोमॅटिकवर असली तर हळू सुरू झालेल्या वाक्याचा पहिला शब्द कापला जाऊ शकतो. बाकीच्यांना वाटतं हा काही बोललाच नाही, आणि दुसरा सुरू होतो. ऑटोमॅटिक बंद करून पट्टी हाताने खाली घ्या, किंवा त्याला पुश-टू-टॉक (बटण दाबून बोलायची सोय) द्या. प्रवेशात नसलेल्या सगळ्यांनी म्यूट. बोलायचं असेल त्याने टेक्स्टमध्ये फक्त + टाकायचा, तो पाहून तुम्ही नाव घ्यायचं. नुसतं "बोल" म्हणण्यापेक्षा प्रश्न द्या: "मुकादम, फाटकावर तुला कोण दिसतं?"

वेळेचं गणित: १५० मिनिटांतली २० सुरुवात-शेवटात जातात. उरली १३०. १२ प्रवेशांना प्रत्येकी ११ सुद्धा येत नाहीत. ८ मिनिटांना टायमर लावा आणि वाजला की फक्त विचारा, "दिलं की नाकारलं?" तेवढ्याने लांबण थांबते.

निळीशाई
थोडा वेगळा सूर लावतो. दर शनिवारी समान वाटणीचा अट्टहास कशाला? प्राइमटाइम ॲडव्हेंचर्स या टीव्ही मालिकेसारख्या भूमिका-खेळात ५ भागांचा हंगाम धरतात आणि प्रत्येक पात्राची पडद्यावरची हजेरी आधीच आकड्यात ठरवतात: एका भागात ३, बाकीत १ किंवा २. ज्याचा ३ असतो, तो भाग त्याचा. पाच खेळाडू, पाच शनिवार. बाकीचे त्या दिवशी त्याला अडचणीत आणायला राबतात. फुटेज खाणाऱ्यालाही आपला शनिवार कधी ते माहीत असलं की तो धीर धरतो.

सांजबत्ती
हे पटलं, फक्त मुकादमाचा भाग पहिला ठेवू नका. आधी दोन-तीन जणांना त्याच्याकडून काहीतरी हवं असू दे, नाहीतर सगळा उजेड त्याच्यावर आणि तो एकटा. आणि आधी त्याला खाजगीत विचारा, जास्त प्रवेश हवेत का. काहींना कमी प्रवेशांतच मजा येते. सगळ्यांसमोर विचारलंत तर तो "चालतंय" म्हणेल.

कोपऱ्यातला_फासा
विचारलं. हवेत म्हणाला. आणि एमडीवाल्याची ओळ आली: "मुकादमाने मला एकदा तरी साहेब न म्हणता नावाने हाक मारावी. तो मारत नाही, कारण माझ्या वजनकाट्यावर त्याचा विश्वास नाही."

विंगेतला_प्रॉम्प्टर
हा प्रवेश एमडीलाच लावू द्या, पहिल्याच फेरीत. जागा काट्याजवळची, गाडी काट्यावर उभी असताना. आणि पुतण्याला सांगा, आज तो गावात नाही.