डीप पर्पल: जपानमधल्या तीन रात्रींपैकी तुमची पहिली कोणती?

या ब्रिटिश रॉक बँडचा 'मेड इन जपान' हा लाइव्ह अल्बम इतक्यांदा ऐकलाय की कुठे टाळ्या सुरू होतात तेही पाठ आहे. मग त्याच तीन रात्रींचा, तीन सीडींचा 'लाइव्ह इन जपान' (१९९३) हाती लागला आणि घोळ सुरू झाला. माझा क्रम: १६ ऑगस्ट १९७२ ओसाका, १७ तोक्यो, १५ ओसाका. १५ च्या रात्री मंडळी अंग राखून वाजवताहेत असं वाटतं. चुकतोय का?

प्रतिसाद १
१६ बद्दल वादच नको. मूळ अल्बममधल्या सात गाण्यांपैकी चार त्याच रात्रीची. 'चाइल्ड इन टाइम'मध्ये गायक गिलनचा आवाज चढू लागला की मी हातातलं काम खाली ठेवतो, आजही. पण १५ ला तळाशी टाकू नका राव, 'स्मोक ऑन द वॉटर' तिथूनच घेतलंय!

प्रतिसाद २
मी बुडोकानवाली, म्हणजे १७ च्या तोक्योतल्या त्या सभागृहाची. आवाज ओसाकाइतका स्वच्छ नाही, मान्य. पण 'लेझी' आणि 'द म्यूल' तिथलीच आहेत, आणि ड्रमर पेसचा सोलो हेडफोनवर ऐकून मग क्रम लावा.

प्रतिसाद ३
आणि त्यांचाच १९७६ चा लाइव्ह अल्बम 'मेड इन युरोप'? गिलननंतर आलेल्या कव्हरडेल-ह्यूज जोडीला कुणी विचारतच नाही.

मूळ प्रश्नकर्ता
त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे मारामारी होईल. काल १५ पुन्हा लावली. 'अंग राखून' मागे घेतो. क्रम मात्र तोच. 'स्पेस ट्रकिन'ची १६ ची वीसेक मिनिटं माझ्याच्याने खाली सरकवत नाहीत.