विषय: डिसेंबरात मिरचीला (आमची व्हेल्ड शॅमेलियन, रंग बदलणारा सरडा) कोण ठेवून घेईल? (तातडीचं)

केदार (एडिसन):
मंडळी, शनिवारी रात्री न्यू जर्सीहून पुण्याला निघतोय, संक्रांत करूनच परत. दर वेळी मिरची संजूकडे जाते, पण यंदा त्यांच्याकडे बाळ आलंय, त्यामुळे नाही. पिंजरा, दिवे, ड्रिपर (थेंबथेंब पाणी पाडणारा) मी आणून लावून देतो. सकाळ-संध्याकाळ पाणी फवारायचं आणि एक दिवसाआड चार-पाच क्रिकेट (रातकिडे) सोडायचे, एवढंच. हल्ली ती खात नाहीये, सारखी खालीवर फिरते, जाळी ओरबाडते. थंडीमुळे असेल. कुणाला जमेल?

सुलभाकाकू:
केदार, बेसमेंट रिकामंच आहे, आण तिला. पण ते किडे घरात नकोत रे बाबा. संजूकडे सुटले होते तेव्हा रात्रभर सोफ्याखाली किर्र चाललं होतं, सगळ्यांना माहितीये. माझे मार्गशीर्षातले गुरुवार चालू आहेत. पालक, कोथिंबीर खाते का ती?

अनघा:
केदार, ही थंडी नाही. व्हेल्ड मादी नर नसतानाही अंडी धरते. खाणं सुटणं, येरझाऱ्या, तळाशी उतरून ओरबाडणं म्हणजे ती माती शोधतेय. आज रात्रीच एका मोठ्या बादलीत फूटभर धुतलेली वाळू भर. मुठीत दाबली तर गोळा टिकेल इतपत ओली हवी, नाहीतर तिने खणलेला बोगदा ढासळतो. बादली पिंजऱ्यात ठेव आणि बाहेरून चादर लाव. खणताना माणूस दिसलं की ती काम टाकून देते आणि अंडी आतच अडकतात. दिवसा डोळे मिटून तळाशी बसलेली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. एक्स-रेमध्ये अंडी दिसतात. कॅल्शियमने आणि इंजेक्शनने भागलं तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. मी कुत्री-मांजरं बघते, परळच्या पशुवैद्यक कॉलेजात आम्हाला गाई-म्हशी शिकवल्या, सरडे नाहीत. एआरएव्ही या सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या साइटवर डॉक्टरांची यादी आहे, जवळचा कोण ते शनिवारच्या आत बघून ठेव.

काकू, मिरची पानं कुरतडते, पण त्यावर पोट भरत नाही. किडे लागणारच.

प्रमोद:
एवढे दिवे, टायमर कशाला? काकूंच्या दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, फुकट ऊन. आमच्या मालवणला पेरूवर असायचे हे, त्यांना कुणी बल्ब लावले होते?

केदार (एडिसन):
प्रमोदकाका, मी अन्वी, बाबांच्या आयडीवरून. खिडकीची काच यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) अडवते. यूव्हीबी नाही तर डी३ जीवनसत्त्व नाही, डी३ नाही तर कॅल्शियम पचत नाही आणि हाडं मऊ पडून पाय वाकतात. दिव्याची नळी दिसायला चालू असली तरी यूव्हीबी कमी होत जातं, म्हणून मी ती वर्षाच्या आत बदलते. आणि मालवणचे झाडावर असतात, काचेमागे नाही. वाळू भरली आहे.

प्रमोद:
बरं बाई. पण मालवणच्यांना हात लावू नका म्हणावं, भारतात १९७२च्या कायद्याने त्यांना पाळायला बंदी आहे.

सुलभाकाकू:
खिडकीचं राहू दे. किड्यांचं काय? दुकानात वाळवलेले डब्यात मिळतात ना, ते चालतील. चमच्याने वाढीन.

अनघा:
काकू, हललं नाही तर तिला ते अन्न वाटतच नाही. पाण्याचंही तेच, वाटीतलं पाणी दिसत नाही, पानावरून ओघळणारे थेंब चाटते. डोळे खोल गेले किंवा विष्ठेतला पांढरा भाग केशरी झाला की पाणी कमी पडतंय समजा. क्रिकेट नकोत तर ड्युबिया आणा. ओरडत नाहीत, वास नाही, गुळगुळीत डब्यावर चढता येत नाही.

सुलभाकाकू:
ड्युबिया म्हणजे काय ते शोधून पाहिलं. झुरळ! अनघा, तू शिकलेली मुलगी आहेस.

प्रमोद:
काकू, अर्जेंटिनाचं आहे हो ते, आपल्या मोरीतलं नाही.

सुलभाकाकू:
प्रमोद, तुझ्या घरी ठेव मग.

सचिव:
सर्वांना विनंती. ही लिस्ट मंडळाच्या कामासाठी आहे. गाडी विकण्याच्या प्रकारानंतर खाजगी विषय इथे नकोत असं ठरलं, ते आठवा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची नावं गुरुवारपर्यंत हवीत, आत्तापर्यंत फक्त काकूंचं आलंय.

केदार (एडिसन):
सचिवसाहेब, माणसं परगावी जाताना मदत मागणं हे मंडळाचं काम नाही तर काय? तीन जणांचं लिहून घ्या. अनघा, काल रात्रीपासून बादलीत खणतेय. चादर लावली आहे, अन्वी कुणाला त्या खोलीत जाऊ देत नाही. शनिवारी सकाळी काकूंकडे हलवू?

अनघा:
अंडी घालून, वर वाळू लोटून ती परत फांदीवर चढेपर्यंत अजिबात हलवू नको. लगेच भरपूर पाणी, कॅल्शियम लावलेलं खाणं. पुढे काकूंकडे खाणं हात राखूनच. भरपूर खाऊ घातलं आणि उष्णता जास्त दिली की पुढच्या खेपेला अंड्यांची संख्या फार वाढते, हे या जातीचं दुखणं आहे. काकू, लाड नकोत. आणि पिंजऱ्याला हात लावला की साबणाने हात धुवा, साल्मोनेलाच्या जंतूंसाठी. ओट्याजवळ तर नकोच.

झुरळ नको तर रेशमाच्या अळ्या चालतील. मऊ असतात, आवाज नाही, पळत नाहीत.

सुलभाकाकू:
हे आधी सांगायचं! रेशीम सोवळ्याला चालतंच. आण रे केदार. पण त्या खातात काय?

अनघा:
तुतीचा पाला. या थंडीत मिळणार नाही, पण त्याचं तयार पीठ मिळतं, पाण्यात शिजवून गार करून द्यायचं.

सुलभाकाकू:
म्हणजे आता अळ्यांचाही स्वयंपाक. बरं, करीन. वेगळं पातेलं पाठव.

प्रमोद:
शनिवारी केदार निघालेला असेल आणि तिने अंडी घातलेली नसतील तर?

केदार (एडिसन):
अन्वी. तर मी आणि आई बुधवारच्या फ्लाइटने जातो, बाबा पुढे जातील. आईला सांगितलंय.

सचिव:
मग हळदीकुंकवाला तुमचे तीन की शून्य? तुम्ही तर संक्रांतीला पुण्यात.