मदत हवी आहे (अर्जंट): क्रूजवरून रोम, शिपची टूर घ्यावी की बाहेरून बुक करावी?

रानजाई:
नमस्कार मंडळी, जरा पटकन मदत हवीये. मे मध्ये आम्ही क्रूजला जातोय, ७ रात्री, बार्सिलोनाहून निघून परत बार्सिलोना. रोमला आणि फ्लोरेन्सला शिप थांबते. शिपच्या टूर्स भयंकर महाग आहेत. रोमची साधी बस, गाईड नाही, जेवण नाही, नुसतं नेऊन सोडणार आणि परत आणणार, त्याचे माणशी ७९ युरो!! पाच जणांचे जवळजवळ ४०० युरो नुसत्या बसचे. नवरा म्हणतो बाहेरून व्हॅन करू, एका साईटवर ५५० मध्ये दिवसभराची मिळतेय ड्रायव्हरसकट. शिपवाल्यांची १५ टक्के सूट उद्या रात्री संपते त्यामुळे आजच ठरवायचंय. बाहेरून घेतलेली टूर सेफ असते का? उशीर झाला आणि शिप निघून गेली तर काय करतात? प्लीज "गूगल करा" नको.

खडूस_काकू:
पाच जण म्हणजे कोण कोण? वयं काय? तारीख कुठली? शिप किती वाजता लागते, किती वाजता निघते? वैद्याला नाडी दाखवायची नाही आणि औषध लगेच पाहिजे.

बेळगावकर७२:
जहाज रोमला जात नाही हे माहीत आहे ना? रोम समुद्रावर नाहीये. शिप लागते चिवितावेक्कियाला, तिथून रोम ७०-८० किलोमीटर. फ्लोरेन्सचंही तेच, ते तर अजून आत आहे. म्हणजे शिप मुरुडला लावून "पुणे दर्शन" विकण्यातला प्रकार.

रानजाई:
@बेळगावकर हो हो माहीत आहे, ब्रोशरमध्ये "रोम" असंच लिहिलंय म्हणून तसं लिहिलं. @काकू आम्ही दोघं, मुलगा, सासू-सासरे. तारीख २४ मे. वेळ सकाळी ७ ते संध्याकाळी ७.

अटलांटिक_पार:
आम्ही न्यू जर्सीहून दर दोन वर्षांनी क्रूज करतो, आजवर एकदाही शिपची टूर घेतलेली नाही. नुसती लूट असते. चिवितावेक्कियाहून ट्रेन घ्या, माणशी पाच युरोच्या आसपास तिकीट, पाऊण-एक तासात सान पिएत्रो स्टेशन, तिथून व्हॅटिकन चालत दहा-पंधरा मिनिटं. कोलोसियम आधी बघायचं असेल तर त्याच गाडीत बसून राहा, ओस्तिएन्सेला उतरा, लागूनच मेट्रोचं पिरामिडे स्टेशन आहे तिथून दोन स्टॉप. झालं. ५५० युरोची व्हॅन काय आणि ४०० ची बस काय, दोन्ही मूर्खपणा.

सुगरण_मी:
आम्ही गेल्या वर्षी पुण्यातल्या एका टूर कंपनीबरोबर युरोप केलं, काही म्हणजे काही बघावं लागलं नाही. व्हिसा त्यांनी काढला, बस हॉटेलच्या दारात, एके दिवशी तर पिठलं-भाकरी होती. ज्येष्ठ नागरिक बरोबर असताना हा क्रूजचा घाट कशाला घालता म्हणते मी.

खडूस_काकू:
अहो सुगरण, त्यांचं बुकिंग झालंय. आता भाकरी दाखवून काय उपयोग.

पोटापाण्यासाठी_समुद्र:
बावीस वर्षं बोटीवर इंजिन रूममध्ये काढली, त्यातली सहा पॅसेंजर शिपवर. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देतो कारण ते अजून कोणी दिलेलं नाही.

शिप ७ ला निघणार म्हणजे तुम्ही ७ ला यायचं नाही. "ऑल अबोर्ड" (सगळ्यांनी परत चढलेलं असायची वेळ) साधारण अर्धा तास आधी असतं, काही ठिकाणी एक तास, त्या दिवसाच्या पत्रकात छापलेलं असतं तेवढंच खरं धरायचं. शिपच्या टूरची बस उशिरा आली तर कॅप्टनला आधीच कळलेलं असतं, तो थांबतो, किंवा थांबता येत नसेल तर कंपनी स्वतःच्या खर्चाने पुढच्या बंदरावर पोचवते. बाहेरची टूर असेल तर थांबायचं बंधन नाही. यात कोणी दुष्ट नसतं. पायलट (बंदरातून शिप बाहेर काढणारा) वेळेवर येतो, टग (शिप ओढणारी छोटी बोट) लागत असेल तर तो येतो, धक्क्याची वेळ संपते, पुढच्या बंदरात पहाटेची जागा ठरलेली असते. दोन माणसांसाठी तीन हजार माणसांचा कार्यक्रम हलवत नाहीत.

राहिलात तर बंदरावर शिपचा पोर्ट एजंट असतो, त्याचं नाव आणि फोन रोजच्या पत्रकात छापलेला असतो. खाली उतरण्याआधी त्याचा मोबाईलवर फोटो काढायचा, फक्त एवढं केलं तरी अर्धं काम होतं. पासपोर्ट शिपनेच जमा करून घेतलेले नसतील तर केबिनच्या तिजोरीत ठेवलेले असतात, माणसं आली नाहीत तर सिक्युरिटीवाले तिजोरी उघडून पासपोर्ट एजंटकडे द्यायचा प्रयत्न करतात. पुढच्या बंदरापर्यंतचं विमान, हॉटेल, सगळं तुमच्या खिशातून.

आणि कोणी तरी आता "शिपची वेळ आणि गावची वेळ वेगळी असते" हे सांगायला येईलच. असते, पण स्पेन, फ्रान्स, इटलीत घड्याळ एकच आहे, त्यामुळे या फेरीत तो घोळ नाही. ग्रीस-तुर्कस्तानला गेलात तर सांभाळा.

कोकणी_गडी:
वेळेचा घोळ फार महत्त्वाचा! शिपची वेळ आणि गावची वेळ वेगळी असते, मोबाईल आपोआप बदलतो आणि

कोकणी_गडी:
सॉरी, वरचं वाचलं नव्हतं.

नीलपंखी:
@पोटापाण्यासाठी अगदी बरोबर. मार्च २०२४ मध्ये साओ तोमे बेटावर आठ प्रवासी असेच राहिले होते, खासगी टूरवर गेले, परत येईपर्यंत शिप नांगर उचलायला तयार, चढू दिलं नाही. मग आफ्रिकेतले देश पालथे घालत गांबियाला पोचले तर ओहोटीमुळे शिप तिथे लागलीच नाही, शेवटी सेनेगलमध्ये गाठली. तेव्हा सगळ्या जगाच्या बातम्यांत होतं. त्यामुळे माझा सल्ला, डोळे मिटून शिपची टूर घ्या.

अटलांटिक_पार:
झालं, एका आफ्रिकेतल्या बेटाचं उदाहरण देऊन इटलीत लोकांना घाबरवा. साओ तोमेला दर अर्ध्या तासाला लोकल आहे का?

मोगरा_फुलला_नाही:
@अटलांटिक तुमची ती लोकल. सांगतेच. आम्ही २०२३ मध्ये अगदी हेच केलं. परतीला साडेतीनची गाडी पकडली, सान पिएत्रोहून, ऑल अबोर्ड साडेपाच, म्हटलं भरपूर वेळ आहे. गाडी वाटेतल्या लादिस्पोली स्टेशनला थांबली ती थांबलीच. चाळीस मिनिटं. इटालियनमध्ये काहीतरी घोषणा होतेय, डब्यातले अर्धे लोक गळ्यात क्रूजचं कार्ड अडकवलेले, सगळे एकमेकांचं घड्याळ बघतायत आणि कोणी काही बोलत नाही. माझ्या मुलीच्या हातात जिलाटोचा कोन होता तो तिने खाल्लाच नाही, वितळून कोपरापर्यंत आला होता तरी तशीच धरून उभी. चिवितावेक्कियाला उतरून टॅक्सी नाही, बंदराची बस जिथून सुटते तिथपर्यंत पळत, मग बसने धक्का. गँगवेला (शिपवर चढायच्या पुलाशी) पाच बावीस. वरून कोणीतरी टाळ्या वाजवत होते, इतका राग आला. रोममध्ये काय बघितलं विचाराल तर मला फक्त लादिस्पोलीचा फलाट आठवतो.

अटलांटिक_पार:
म्हणजे वेळेत पोचलात ना? मग?

मोगरा_फुलला_नाही:
आठ मिनिटं राहिली होती हो!!

पोटापाण्यासाठी_समुद्र:
नियम साधा आहे. तुम्हाला जी गाडी पुरेशी वाटते तिच्या आधीच्या दोन गाड्या सोडायच्या नाहीत. साडेसहा ऑल अबोर्ड असेल तर साडेतीनच्या पुढे रोममध्ये थांबू नका. आणि इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात, आठवडाभर आधी बघून ठेवा.

पंत_सांगतात:
शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) मल्टिपल एंट्री आहे का? सिंगल असेल तर प्रत्येक बंदरावर उतरल्यावर नवीन एंट्री धरतात. माझ्या साडूंचा याच कारणाने तुर्कस्तानच्या वेळी फार मनस्ताप झाला होता.

बेळगावकर७२:
पंत, तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही म्हणून त्यांचा झाला. स्पेन-फ्रान्स-इटली सगळं शेंगेनच्या आत, एकदा आत एंट्री झाली की संपलं. आणि व्हिसाबद्दल विचारलंय कोणी?

पंत_सांगतात:
माहिती दिलेली वाया जात नसते.

वसईचा_जॉनी:
थांबा थांबा. २४ मे म्हणालात ना? २०२६ चा २४ मे रविवार आहे, आणि नुसता रविवार नाही, पेन्टेकॉस्टचा रविवार, पवित्र आत्म्याचा सण. एक तर व्हॅटिकनची म्युझियमं रविवारी बंद असतात. महिन्याचा फक्त शेवटचा रविवार उघडी, तो ३१ ला येतोय. म्हणजे त्यांच्या आतलं सिस्टाइन चॅपेल विसरा, कोणत्याही टूरवाल्याने "व्हॅटिकन म्युझियमसह" म्हणून विकलं तर पैसे देऊ नका. दुसरं, सणाच्या दिवशी सकाळी सेंट पीटर्स बॅसिलिकात (तिथल्या मोठ्या चर्चमध्ये) पोपसाहेबांची मिस्सा (प्रार्थनाविधी) असते, तेवढ्या वेळात पर्यटकांना सहसा आत सोडत नाहीत. पण दुपारी १२ वाजता ते खिडकीत येऊन प्रार्थना घेतात आणि आशीर्वाद देतात, त्याला तिकीट नाही, चर्चसमोरच्या मैदानात कोणीही उभं राहू शकतं. मी २०१९ ला आईला घेऊन गेलो होतो, आमच्याकडची आठ-दहा माणसं आपापल्या कुपारी बोलीत बडबडत उभी, शेजारचे पोलिश लोक बघत राहिले. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला, चर्चच्या दारात अडवतात.

रानजाई:
बापरे. ज्या व्हॅनवाल्याशी बोललो त्याच्या प्लॅनमध्ये पहिलंच "सिस्टाइन चॅपेल स्किप द लाईन" लिहिलंय!! तारीख त्याला दोनदा कळवली होती. थँक यू हो, मोठा घोटाळा वाचला.

खडूस_काकू:
म्हणून तारीख विचारत होते. आता सासू-सासऱ्यांचं सांगा. चालतात का नीट?

रानजाई:
सासरे ७४, तसे फिट आहेत. सासूबाईंचं मागच्या वर्षी एका गुडघ्याचं रिप्लेसमेंट झालंय, सपाटीवर चालतात, जिने नको म्हणतात. मुलगा ७ वर्षांचा. आणि हो, कोलोसियम बघायचंच आहे त्याला, शाळेत प्रोजेक्ट केलंय.

खडूस_काकू:
गुडघ्याचं रिप्लेसमेंट आता सांगताय!

बेळगावकर७२:
मग अटलांटिकभाऊंची ट्रेन बाद. इटालियन लोकलच्या पायऱ्या, स्टेशनातले जिने, मेट्रो. व्हॅन किंवा शिपची बस. कोलोसियमची तिकिटं मात्र स्वतः काढा, अधिकृत साईटवर ३० दिवस आधी खुली होतात आणि बघता बघता संपतात, तिकिटावर नाव असतं, पासपोर्टशी जुळवतात. मुलाचं फुकट असेल पण त्याचंही बुकिंग करावं लागतं, हे लोक विसरतात. रविवारी कोलोसियमसमोरचा तो रुंद रस्ता गाड्यांना बंद असतो, त्यामुळे चालायला बरं, पण व्हॅन तुम्हाला अगदी दाराशी सोडणार नाही हेही धरून चाला.

अटलांटिक_पार:
बाद कशी? माझे वडील ८१ व्या वर्षी ट्रेनने गेले होते.

खडूस_काकू:
तुमच्या वडिलांचे गुडघे त्यांच्याकडे होते.

दोना_पावला:
जरा दुसरी बाजू. मी गोव्याचा, मुरगाव बंदरावर परदेशी क्रूज लागते तेव्हा आमच्याकडे हेच उलटं चालतं. गोरे लोक उतरले की टॅक्सीवाल्यांचा गराडा. मीटरचं नाव काढायचं नाही, जुनं गोवं दाखवून आणतो म्हणून सांगतील तो भाव. बिचारे तिसऱ्या तासापासून घड्याळ बघायला लागतात आणि मग ड्रायव्हर म्हणतो वाटेत माझ्या भावाचं काजूचं दुकान आहे. त्यामुळे कुठल्याही देशात बंदराच्या गेटवर भेटलेली टॅक्सी घेऊ नका, आधी लेखी ठरवलेली आणि परत आणल्यावर पैसे घेणारी घ्या.

सुगरण_मी:
गोव्यावरून आठवलं, मुंबई-गोवा क्रूजला वरणभात मिळतो का? भाऊजी विचारत होते.

नीलपंखी:
मिळतो. जैनही मिळतं.

मोगरा_फुलला_नाही:
रानजाई, फ्लोरेन्सचं काय? बंदर कुठलं आहे, लिव्होर्नो की ला स्पेत्सिया? फार फरक पडतो.

रानजाई:
आत्ता बघितलं, ला स्पेत्सिया लिहिलंय. २५ ला, ८ ते ६.

मोगरा_फुलला_नाही:
मग फ्लोरेन्स सोडा. ट्रेनने दोन-सव्वादोन तास जायला, तेवढेच यायला, बहुतेकदा पिसाला गाडी बदलून. लिव्होर्नो असतं तर निदान दीड तासात झालं असतं. त्यापेक्षा पिसा करा, तासाभरात पोचता, सान रोस्सोरे स्टेशनला उतरा, मनोरा तिथून जवळ आहे, पिसा चेंत्राले नको, तिथून बरंच चालावं लागतं. किंवा चिंक्वे तेर्रे (समुद्रकाठची पाच गावं), पहिलं गाव रिओमाज्जोरे तर दहा मिनिटांवर. पण तिथे चढ आहेत, सासूबाईंना नको.

बेळगावकर७२:
पिसाच्या मनोऱ्यावर आठ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत. तुमचा सातचा. आधी सांगून ठेवा त्याला, नाहीतर तिथे भोकाड.

रानजाई:
सगळ्यांचे खूप आभार. मघाशी नवऱ्याशी बोलले. रोमला शिपचीच बस घेतोय, सूट धरून माणशी ६७ च्या आसपास पडतेय, पैसे जास्त आहेत पण त्या लादिस्पोलीनंतर माझी हिंमत नाही. बस रोममध्ये नक्की कुठे सोडते ते विचारून मग कोलोसियमची वेळ घेणार, दुपारची. त्या आधी बारा वाजताचं ते मैदानातलं जमलं तर जमलं. ला स्पेत्सियाला आपलं आपण, पिसा. व्हॅनवाल्याला "नको" म्हणून कळवलं तर तो म्हणतो रविवारी व्हॅटिकन बंद असतं हे मला माहीत होतं, तुम्हीच विचारलं नाहीत.

रानजाई:
अपडेट. बुकिंगसाठी पाच नावं भरताना सासऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, मला कशाला, सगळी जनता खाली उतरली की बोटीवर निवांत असेल, मी आणि ही डेकवर खुर्च्या टाकून बसू, तुम्ही तिघं जाऊन या. सासूबाई मान डोलावतायत. तीन महिने मी प्लॅन करतेय, एकदाही बोलले नाहीत दोघं. आता तिघंच असू तर ट्रेन बरी पडेल का?

अटलांटिक_पार:
मी काय सांगत होतो!

मोगरा_फुलला_नाही:
जा पण साडेतीनच्या आधी निघा.

खडूस_काकू:
अगं सासूबाईंना निदान पिसाला ने. आणि शिप कुठली ते अजून सांगितलंच नाहीस.