मदत हवी आहे : आशेच्या प्रश्नावलीचा अल्फा फार कमी येतो आहे

शोधार्थी_जळगाव
नमस्कार. मी मानसशास्त्रात एम.ए. करीत असून लघुप्रबंधासाठी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून आशेची प्रश्नावली भरून घेतली आहे. बाराही विधानांचे गुण घेऊन क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे विधाने एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा आणि एकच्या जवळ असावा असा आकडा, काढला, तर तो अर्ध्याच्याही खाली येतो. आकडे तीनदा तपासले आहेत. सोमवारी मार्गदर्शकांना प्रकरण दाखवायचे आहे. विद्यार्थ्यांनी प्रश्नावली मन लावून भरली नाही, एवढे लिहून मोकळे व्हावे का? कृपया लवकर सांगावे.

तापीकाठ
कोणती प्रश्नावली, कोणत्या भाषेत दिली, उत्तरांचे पर्याय किती होते, आणि कागदावर दिली की मोबाइलवर, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. नुसता ताप सांगून औषध विचारण्यासारखे हे झाले. विद्यार्थ्यांना दोष देण्याची घाई करू नये.

शोधार्थी_जळगाव
बारा विधाने म्हटल्यावर लक्षात येईल असे वाटले होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्नायडर यांची प्रौढांसाठीची आशेची मापनी आहे, १९९१ची. मराठी भाषांतर मी आणि माझ्या मैत्रिणीने केले. मला मिळालेल्या प्रतीतील आठ पर्याय फार वाटले म्हणून पाच ठेवले. गुगल फॉर्मवर ‘आशा मापनी’ असे शीर्षक देऊन दुवा वर्गांच्या गटांवर पाठवला.

आकडेमोड
ताई, उत्तर सोपे आहे. तिसरे, पाचवे, सातवे आणि अकरावे ही विधाने नकारात्मक आहेत. थकवा, वादात माघार, प्रकृतीची चिंता, असे विषय त्यांत आहेत. त्यांचे गुण उलटे करा, म्हणजे एकच्या जागी पाच आणि पाचच्या जागी एक. एम.एड.च्या वेळी माझीही हीच अडचण झाली होती आणि दहा मिनिटांत सुटली होती.

तापीकाठ
कृपया असे करू नका. ती चार विधाने उलटी मोजण्यासाठी नाहीत, ती मोजायचीच नाहीत. मापनीचा हेतू उत्तर देणाऱ्याच्या लगेच ध्यानात येऊ नये म्हणून ती भरीला घातलेली आहेत. आशेची विधाने आठच आहेत : पहिले, चौथे, सहावे आणि आठवे मार्ग शोधण्याबद्दलची; दुसरे, नववे, दहावे आणि बारावे ध्येयाकडे जाण्याच्या जिद्दीबद्दलची. मूळ मापनी देताना तिच्यावर ‘आशा’ हा शब्दही घालत नाहीत, तिला भविष्याविषयीची मापनी म्हणतात. आपण तर शीर्षकातच गुपित फोडले आहे.

आकडेमोड
उलटे केले तर अल्फा वाढतो, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

तापीकाठ
वाढेलही, कारण जो थकलेला आणि चिंतेत आहे तो बऱ्याचदा कमी आशावादीही असतो. पण मग आपण आशा, थकवा आणि काळजी यांची खिचडी मोजली असे होईल आणि त्या खिचडीला स्नायडर यांचे नाव देता येणार नाही. आकडा चांगला दिसणे आणि मोजमाप बरोबर असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

गिरणेचे_पाणी
मला मुळात या मापनीचीच निवड पटत नाही. ‘मी प्रयत्न करीन आणि मला मार्ग सापडेल’ एवढ्यालाच तिच्यात आशा म्हटले आहे. ज्याच्या घरची केळी एका वादळात आडवी होते आणि कापसाचा भाव ज्याच्या हातात नसतो, त्या मुलाची आशा पावसावर, देवावर, थोरल्या भावाच्या नोकरीवरही टेकलेली असते. आपली ‘उमेद’ या मापनीच्या जवळ जाते, ‘आशा’ जात नाही. हर्थ यांचा १९९२चा आशा निर्देशांक घ्यावा. त्यातही बाराच विधाने आहेत, पण श्रद्धा आणि माणसांचा आधार यांना जागा आहे.

तापीकाठ
मुद्दा विचार करण्याजोगा आहे आणि चर्चेच्या प्रकरणात तो जरूर यावा. परंतु माहिती गोळा झाल्यावर मापनी बदलण्याचा सल्ला सोमवारपर्यंत कोणाच्या उपयोगाचा? शिवाय हर्थ यांचे काम आजारी माणसांच्या शुश्रूषेतून आलेले आहे. ते धडधाकट विद्यार्थ्यांना आपोआप लागू पडेल असे धरून चालता येणार नाही.

नमुना_निवड
नमुना किती मोठा घ्यावा याचे तयार कोष्टक माझ्याकडे आहे. हवे असल्यास कळवावे.

शहादेकर
नमुन्याचा प्रश्न कोणी विचारलेला नाही. ताई, आपण भाषांतर उलट इंग्रजीत करून पाहिले होते का? मूळ विधाने न पाहिलेल्या व्यक्तीकडून ते करून घ्यायचे असते. आमच्याकडे घरात पावरी किंवा भिली आणि मित्रांत अहिराणी बोलणाऱ्या मुलांना पुस्तकी मराठी ही वर्गातली भाषा वाटते. पहिले विधान इथे टाकाल का?

शोधार्थी_जळगाव
उलट भाषांतर केले नाही. पहिले विधान असे आहे : ‘वाहतुकीच्या कोंडीतून बाहेर पडण्याचे अनेक मार्ग मला सुचतात.’

शहादेकर
मूळ इंग्रजीत ‘जॅम’ म्हणजे पेच, अडचण. आपण जळगावच्या मुलांना अजिंठा चौफुलीवरून गाडी कशी काढतोस असे विचारले आहे, आणि ज्याच्या पाड्याला एकच रस्ता आहे त्यालाही तेच विचारले आहे.

शोधार्थी_जळगाव
हे वाचून मी खरोखर डोक्याला हात लावला. चार विधाने काढल्यावर अल्फा बराच वर आला. जिद्दीच्या चार विधानांचा चांगला आहे. मार्गांच्या चार विधानांचा अजून कमी आहे आणि पहिले काढले की तोही वाढतो. मग ते गुपचूप वगळावे का? आणि पाच पर्यायांचे काय?

तापीकाठ
गुपचूप काहीच करू नये. दोन्ही भागांचे अल्फा स्वतंत्र द्यावेत, पहिल्या विधानासह आणि त्याच्याशिवायही, आणि कोंडीची चूक मर्यादांमध्ये स्पष्ट लिहावी. पाच पर्याय हा गुन्हा नाही, १९९१च्या मूळ मापनीत चारच होते. मात्र आपल्या आठ विधानांची बेरीज ८ ते ४० होईल, म्हणून आठ पर्यायांच्या, ८ ते ६४ बेरजेच्या अभ्यासांतील सरासरीशी तिची थेट तुलना करू नये. वेळ मिळाल्यास दुरुस्त विधानासह एका वर्गात कागदावर पुन्हा द्यावी, आणि या वेळी शीर्षक बदलावे.

आकडेमोड
चार विधानांबाबत माझी समजूत चुकीची होती. माझा प्रबंध आता ग्रंथालयात आहे, त्यामुळे त्याविषयी अधिक बोलत नाही.