चर्चचे कवेलू काढून स्लॅब टाकायचा, बाकं विकायची: तुमचं मत काय?

काळी माती (धागा सुरू करणारा)
आमच्या गावच्या चर्चमध्ये परवा बैठक झाली. ठरलं ते असं: छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, उतरवून स्लॅब, भिंतींना सिमेंटचं प्लॅस्टर, खाली चकचकीत टाईल्स. सागवानी बाकं आणि मागच्या भिंतीला लागून असलेली जुनी लाकडी वेदी, म्हणजे उपासनेचं टेबल, विकून टाकायची. मी एकटाच नाही म्हणालो.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा भर दुपारी पंख्याशिवाय बसवेल अशी गावात हीच एक जागा. दीड हात जाड चुन्यातल्या भिंती, उंच छप्पर, वरच्या झरोक्यांतून निघून जाणारी गरम हवा. माझ्या आईची शवपेटी याच वेदीसमोर ठेवली होती. ती वेदी कुणाच्या तरी हॉटेलात काउंटर म्हणून उभी राहिलेली मला बघवणार नाही.

मिरगाचा पाऊस
भाऊ, तू उन्हाळ्याचं सांगितलं, पावसाळ्याचं कोन सांगन? वानरांची टोळी छपरावरून गेली का धा-वीस कवेलू फुटलेच. दरसाल मिरगाच्या आंधी फेराव लागते, अन् फेरनारा मानूस आता भेटत नाही. छपराचं आडं उधईनं खाल्लं आहे. खाली लेकरं बसतात. उद्या काही झालं तं जुनं जपा म्हननारे कुठी राहतीन?

अन् बाकाचं एवढं काहून? १९६९ मधी रोमनं, म्हनजे पोपच्या कचेरीनं, भारतातल्या मिस्सेसाठी, म्हनजे चर्चमधल्या उपासनेसाठी, बारा गोष्टी मान्य केल्या. जोडे काढून खाली बसनं, हात जोडून नमन, आरती, सारं त्यात आहे. आमचे आजे-पंजे सतरंजीवरच बसत. बाक आपल्या मातीतलं नाही.

निवृत्त शिक्षिका
दादा, खाली बसायला माझी हरकत नाही, पण माझ्या गुडघ्यांची आहे. निम्मी बाकं भिंतीकडेला ठेवा, मध्ये सतरंज्या अंथरा.

वेदीचं मात्र मनावर घ्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६२-६५ मध्ये रोमला भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेनंतर, फादर भिंतीकडे नव्हे तर लोकांकडे तोंड करून मिस्सा करू लागले, म्हणून नवी वेदी पुढे आली. जुनी मोडा असं परिषदेनं कुठंच म्हटलं नाही. उलट तिच्या उपासनेवरच्या १९६३ च्या दस्तऐवजात, १२६ व्या कलमात, मौल्यवान पवित्र सामान विकलं जाऊ नये, विखुरलं जाऊ नये, ते देवाच्या घराचं भूषण आहे, असं स्पष्ट आहे. बैठकीत हे कुणी वाचून दाखवलं का?

ओळंबा
मी बांधकामातला माणूस, म्हणून छपरावरच बोलतो. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या आसपास. मंगलोरी कवेलू लाकडासकट धरले तरी त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे भरत नाहीत. एवढं ओझं जुन्या भिंतींवर टाकणार, आणि तेही आपल्या काळ्या जमिनीत? ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. चुना थोडं हलणं सोसतो, सिमेंट सोसत नाही. शिवाय चुन्याची भिंत ओल बाहेर टाकत असते. वरून सिमेंट चोपडलं की ओल आतच कोंडते, पोपडे सुटतात आणि दोष जुन्या भिंतीला लागतो.

आड्याची भीती खरी आहे, ती उडवून लावू नका. सुताराला वर चढवा, खाल्लेली लाकडं बदला, कवेलूंखाली पत्रा घाला. कवेलू फुटला तरी पाणी आत येणार नाही.

मिरगाचा पाऊस
पत्रा खाली, कवेलू वर, हे चालन. बैठकीत कोनी सांगितलंच नाही. पन पैसा? स्लॅबसाठी वर्गनी भेटते, लाकडं बदलाले कोनी देत नाही, कारन ते दिसत नाही.

काळी माती
हे खरं आहे, मी त्याचा विचारच केला नव्हता. औंदाच्या कापसातून पहिलं आडं माझ्याकडून. येत्या रविवारी मिस्सेनंतर सुताराला घेऊन येतो, तुम्हीही शिडीपाशी या. वेदीबद्दल फादरांशी बाईंनी बोलावं, त्यांचं ते ऐकतात.

मिरगाचा पाऊस
येतो. बाकाचं माझं म्हननं मात्र तेच आहे.