तानसेन समारोहाचे फोटो आणि माझा मिररलेस कॅमेरा: बॉडी, लेन्स की कंपनीच बदलावी?

प्रश्न (लश्कर, ग्वाल्हेर)
चार वर्षांपासून मी एकाच कंपनीचा क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमहून लहान सेन्सरचा) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा आणि त्यासोबत आलेली १८-१३५ मिमीची लेन्स वापरते. तानसेनांच्या समाधीजवळ डिसेंबरात होणाऱ्या समारोहात विलंबित ख्याल रंगलेला असताना शटरचा खटका पुढच्या रांगेला ऐकू जातो, म्हणून या वेळी सायलेंट शटर लावले. घरी येऊन पाहते तो गायकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर आडवे काळसर पट्टे उमटलेले. शिवाय थंडीत बॅटरी मध्यंतराआधीच संपली. खर्च एकदाच करता येईल, तेव्हा काय बदलावे?

प्रतिसाद १
ताई, पट्टे हा एका कंपनीचा दोष नाही. सायलेंट शटरमध्ये सेन्सर एकेक ओळ करत वाचला जातो, आणि या श्रेणीतल्या बॉडींना (लेन्स वगळून उरलेल्या कॅमेऱ्यांना) पूर्ण चित्र वाचायला सेकंदाचा साधारण विसावा-तिसावा भाग लागतो. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने तिच्यावर चालणारे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंदावतात, म्हणजे तेवढ्या अवधीत तीन ते पाच वेळा, आणि तेच पट्टे सदऱ्यावर दिसतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवल्यास ते बहुधा जातात, पण मंचावरचे डिमरवाले एलईडी याहून वेगाने लुकलुकत असतील तर हा उपाय चालत नाही. सोनीच्या ए९ने २०१७ मध्ये आणि निकॉनच्या झेड९ने २०२१ मध्ये झटपट वाचणारे सेन्सर आणले खरे, परंतु त्यांची किंमत आपल्या आवाक्याबाहेरची आहे. मेनूत इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरचा पहिला पडदा यांत्रिक न ठेवता इलेक्ट्रॉनिक करणारी सोय) असेल तर ते सुरू करा, खटका बराच सौम्य होतो. मी स्वतः आलापात कॅमेरा मांडीवरच ठेवतो आणि द्रुतात तबला चढला की फोटो घेतो. सुटी बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवावी.

प्रतिसाद २
माझ्या मते खरी उणीव लेन्सची आहे. तुमची लेन्स १३५ मिमीला एफ/५.६ वर अडते (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त), तर ८५ मिमी एफ/१.८ लेन्स तिच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. कंपनी बदलण्याआधी नव्या कंपनीच्या माउंटसाठी (लेन्स बॉडीला जोडण्याच्या खोबणीसाठी) इतर उत्पादकांच्या लेन्स मिळतात का, ते अवश्य पाहा. कॅननचा आरएफ माउंट २०१८ मध्ये आला, पण सिग्मा आणि टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्स त्यावर २०२४ मध्ये आल्या, त्याही क्रॉप सेन्सरसाठीच्या.

प्रतिसाद ३
दुरुस्तीचाही विचार करा. माझ्या बॉडीची सेटिंग बदलायची मागची चकती एका खाचेऐवजी तीन खाचा उडी मारू लागली, तेव्हा ती कुरिअरने दिल्लीला पाठवावी लागली आणि सात आठवड्यांनी, तोच दोष घेऊन, परत आली. कंपनीचे नाव इथे लिहीत नाही. नवी बॉडी घेतलीच तर भारतातले वॉरंटी कार्ड पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्नकर्ती
आपणा सर्वांची आभारी आहे. काल बैठकीच्या खोलीत एलईडी लावून पाहिले: १/२५० ला पट्टे स्पष्ट होते, १/१०० ला एकही नव्हता. बॉडी तीच ठेवते आणि ८५ मिमीची लेन्स घेते.