सॅटिन गिटारला पॉलिश नकोच

सॅटिन फिनिशच्या (म्हणजे न चकाकणाऱ्या, मॅट पृष्ठभागाच्या) महोगनी लाकडाच्या गिटारला पॉलिश लावू का, असं एकाने विचारलंय. अजिबात नको! पॉलिशने आणि घासण्याने मॅट पृष्ठभागावर चकचकीत डाग पडतात, ते सहसा जात नाहीत. माझ्या गिटारवर उजवा हात टेकतो तिथे आरसा झालाच आहे, असू दे. किंचित ओलसर मायक्रोफायबर कापड पुरतं. (सोलापुरी टॉवेल अंगाला, गिटारला नाही.)

खरी भीती आपल्या उन्हाळ्याची. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, हवा कोरडी. लाकूड आकसतं, फ्रेटची (गिटारच्या मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं बोटांना टोचायला लागतात. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी. मी गिटार केसमध्येच ठेवतो, सोबत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला ओला स्पंज. कूलरसमोर मात्र ठेवू नका, त्या दमट झोताने लाकूड फुगतं.